बाप्तिस्म्याचा जुना दाखला का चालत नाही?

कॅथलिक चर्चमध्ये लग्न ठरलं की वधू-वरांकडे सगळ्यात आधी मागितला जातो तो बाप्तिस्म्याचा दाखला. घरात तो बहुधा असतोच. आईने जपून ठेवलेला, लॅमिनेट केलेला, शिक्का आणि सही ठसठशीत. तो चर्चच्या कार्यालयात पुढे केला की उत्तर येतं, "हा नको. नवा काढून आणा, सहा महिन्यांच्या आतला." मग चिडचिड सुरू होते. बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो, त्याची तारीख बदलत नाही, आईवडिलांची नावं बदलत नाहीत. मग पंचवीस वर्षांपूर्वीचा दाखला आज खोटा कसा ठरला?

तो खोटा ठरलेला नसतो, शिळा झालेला असतो. जुन्या पासबुकातल्या नोंदी खऱ्याच असतात, पण त्यांवरून आजची शिल्लक कळत नाही, तसंच हे. लग्न लावणाऱ्या धर्मगुरूंना बाप्तिस्मा झाला होता की नाही एवढंच बघायचं नसतं. तेव्हापासून आजपर्यंत काय काय घडलं, हे त्यांना हवं असतं. आणि ते लिहिलेलं असतं मूळ वहीच्या समासात, जिथे नोंद पहिल्यांदा झाली त्याच पानाच्या कडेला.

वही हलत नाही, माहिती तिच्याकडे येते

आधी रचना समजून घेऊ. धर्मग्राम म्हणजे पॅरिश: एक चर्च, त्याचा ठरलेला परिसर आणि तिथली माणसं. अनेक धर्मग्राम मिळून धर्मप्रांत होतो आणि त्याचे प्रमुख असतात बिशप. बाप्तिस्मा, ज्याला काही जण स्नानसंस्कार म्हणतात, ज्या धर्मग्रामात होतो तिथल्या वहीत त्याची नोंद होते आणि ती त्या माणसाची कायमची फाइल बनते. माणूस पुढे जगाच्या पाठीवर कुठेही जाऊन राहो, फाइल तिथेच राहते.

समजा, एका वहीत पान ११२ वर ३४ क्रमांकाची नोंद आहे, मारिया नावाच्या मुलीची. रकाने ठरलेले: जन्माची तारीख आणि ठिकाण, बाप्तिस्म्याची तारीख, बाळाचं नाव, आईवडिलांची नावं, बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घेणारे धर्मपिता आणि धर्ममाता, संस्कार कोणी दिला आणि त्यांची सही. शेवटचा रकाना मात्र रुंद आणि कोरा असतो. त्याच्यावर लिहिलेलं असतं 'शेरा'. चौदा वर्षांनी मारियाचं दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा, श्रद्धा दृढ करणारा संस्कार) दुसऱ्या शहरात होतं. तिथून चिठ्ठी येते आणि त्या कोऱ्या रकान्यात पहिली ओळ पडते. पुढे तिचं लग्न तिसऱ्याच गावी लागतं. तिथले धर्मगुरू आपल्या विवाहाच्या वहीत नोंद करतात आणि बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामाला कळवतात. दुसरी ओळ: कुणाशी, कुठे, कधी. दुर्दैवाने ते लग्न मुळातच अवैध होतं असा निर्णय चर्चच्या न्यायालयाने दिला, तर तिसरी ओळ. लग्न न करता ती मठात गेली असती आणि आजन्म व्रतं घेतली असती, तर ती ओळ. पुरुषाला गुरुदीक्षा मिळाली (म्हणजे तो धर्मगुरू झाला), मूल दत्तक गेलं, कुणी लॅटिन परंपरेतून, म्हणजे रोमच्या विधींनी चालणाऱ्या मुख्य शाखेतून, एखाद्या पौर्वात्य कॅथलिक चर्चमध्ये (पोपना मानणाऱ्या, पण स्वतःचे विधी असलेल्या शाखेत) गेलं, तर तेही इथेच. आज लागू असलेल्या १९८३ च्या धर्मसंहितेतल्या, म्हणजे चर्चच्या कायद्यातल्या, ५३५ क्रमांकाच्या कलमात हे सगळं सांगितलेलं आहे.

याला एक चमत्कारिक अपवाद आहे. गंभीर कारण असेल तर बिशप गुप्तपणे लग्न लावण्याची परवानगी देऊ शकतात. त्याची नोंद नेहमीच्या वहीत आणि समासात होत नाही. ती धर्मप्रांताच्या गुप्त दप्तरातल्या खास वहीत होते. असे प्रसंग फार क्वचित येतात.

आता नव्या दाखल्याचं महत्त्व कळेल. त्यावर शेऱ्यांसाठी जागा असते. वहीत काहीच शेरा नसेल तर 'शेरा नाही' असं स्पष्ट लिहायचं असतं. माझ्या मते दाखल्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच, आणि नेमकी हीच बऱ्याचदा कोरी सुटते. कोऱ्या जागेचे दोन अर्थ होतात: वहीत काही नव्हतं किंवा कुणी बघितलंच नाही. असा दाखला हाती आला तर परत पाठवून ती ओळ भरून मागावी. त्यात उद्धटपणा काही नाही.

या साखळीचा कच्चा दुवा म्हणजे चिठ्ठी. लग्न लावणाऱ्यांकडून ती पाठवायची राहून गेली, टपालात हरवली किंवा पोचूनही टेबलाच्या खणात पडून राहिली, की बाप्तिस्म्याची वही गप्प राहते आणि विवाहित माणूस कागदावर अविवाहित दिसतो. म्हणून नुसत्या दाखल्यावर भिस्त ठेवत नाहीत. दोघांची वेगवेगळी चौकशी होते, त्यांना ओळखणाऱ्या साक्षीदारांचे जबाब घेतले जातात, लग्नाच्या घोषणा चर्चमध्ये वाचल्या जातात. काही धर्मप्रांतांतल्या चिठ्ठीला खाली पोचपावतीचा तुकडा जोडलेला असतो: 'अमुक वही, अमुक पान, शेरा घेतला.' इतका साधा कागद, पण पुढची पन्नास वर्षं वाचवणारा.

हे सगळं लग्नापासून सुरू झालं

वह्या तशा जुन्या आहेत. फ्रान्समधल्या जिव्री गावची दफनांची आणि लग्नांची वही १३३४ पासूनची आहे. १३४८ साली प्लेग आला तेव्हा तिथे किती माणसं दगावली याचा अंदाज इतिहासकार तिच्यावरूनच बांधतात. त्याच देशात टिकून राहिलेली सर्वांत जुनी बाप्तिस्म्याची वही १४५१ ची, ब्रिटनी प्रांतातली. पण वही ठेवायची की नाही, हे तेव्हा त्या त्या बिशपांवर अवलंबून होतं.

सगळीकडे लागू होईल असा नियम आला ट्रेंटच्या धर्मपरिषदेत, ११ नोव्हेंबर १५६३ रोजी, 'तामेत्सी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फर्मानातून. दुखणं होतं चोरून केलेल्या लग्नांचं. तोवर स्त्री-पुरुषांनी एकमेकांना वचन दिलं की लग्न वैध धरलं जाई; साक्षीदार नसले तरी. एखादा पुरुष एकीला एकांतात वचन द्यायचा, मग कानांवर हात ठेवायचा आणि दुसरीशी चारचौघांत लग्न लावायचा. पहिली बाई खरं बोलते आहे हे चर्चला कळत असलं तरी सिद्ध कशाने करणार? परिषदेने ठरवलं: लग्न धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदारांसमोर व्हायला हवं आणि धर्मगुरूने वहीत वधू-वरांची, साक्षीदारांची नावं, दिवस आणि ठिकाण लिहायला हवं.

त्याच फर्मानात बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता-धर्ममातांची नावं लिहून ठेवा असंही सांगितलं, आणि त्याचंही कारण लग्नच होतं. बाप्तिस्म्यातून आध्यात्मिक नातं जुळतं आणि त्या नात्यात लग्न होऊ शकत नाही, असा तेव्हा नियम होता. ते नातं कुणाकुणात जुळलंय हे कळायला नावं हवीत. लॅटिन चर्चमध्ये तो अडथळा १९८३ च्या संहितेने काढून टाकला. नावं लिहायची पद्धत मात्र राहिली.

१६१४ साली पोप पाचवे पॉल यांनी 'रितुआले रोमानुम' हा विधिग्रंथ जारी केला. त्यात पाच वह्या कशा लिहायच्या याचे नमुनेच दिले होते: बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि पाचवी धर्मग्रामातल्या घरोघरच्या माणसांची गणती. तरीही प्रत्येक वही आपल्या जागी वेगळी होती. बाप्तिस्म्याच्या वहीला लग्नाचं काही ठाऊक नसायचं. त्यांना जोडलं १९०७ च्या 'ने तेमेरे' फर्मानाने, जे १९०८ च्या ईस्टरपासून लागू झालं. लग्नाची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीतही करायची, बाप्तिस्मा दुसरीकडे झाला असेल तर तिकडे कळवायचं. मला वाटतं, आगगाड्या आणि आगबोटींनी माणसं दूरदूर जायला लागल्यावर हे होणं भागच होतं. गावातल्या गावात लग्न होत होती तोवर वहीपेक्षा शेजाऱ्यांची आठवण पक्की होती.

नोंद करताना

बाप्तिस्मा, दृढीकरण आणि गुरुदीक्षा हे तीन संस्कार पुन्हा कधीच देता येत नाहीत. म्हणून ते झाले की नाही हे पक्कं ठाऊक असावं लागतं. विवाहाची वही वेगळी, मृत्यूची वेगळी. प्रथम ख्रिस्तप्रसादाची यादी बरेच धर्मग्राम ठेवतात, पण जागतिक नियमात तिची सक्ती नाही. प्रायश्चित्त संस्काराची नोंद कुठेही, कधीही होत नाही. पापकबुलीचं गुपित अभंग असतं.

नोंद कोणी करायची याचा नियम सरळ आहे: जिथे संस्कार झाला तिथल्या प्रमुख धर्मगुरूने, आणि विनाविलंब. इस्पितळात नवजात बाळाची प्रकृती ढासळली तर नर्सदेखील बाप्तिस्मा देऊ शकते. ती ख्रिस्ती नसली तरी चालतं. पाणी, योग्य शब्द आणि चर्च जे करतं ते करण्याचा हेतू असला की झालं. मात्र नंतर त्या परिसराच्या धर्मगुरूंना कळवणं तिचं काम. बाळ वाचलं तर बाप्तिस्मा पुन्हा देत नाहीत, फक्त राहून गेलेले विधी पूर्ण करतात.

नाजूक जागा येते ती आईवडिलांच्या नावांची. आई अविवाहित असेल तर तिचं मातृत्व जाहीरपणे सिद्ध असल्यास, किंवा तिने स्वतः लेखी वा दोन साक्षीदारांसमोर मागितल्यास तिचं नाव लिहितात. बापाचं नाव नुसतं ऐकीव माहितीवर लिहीत नाहीत. सरकारी कागद हवा किंवा त्याने स्वतः धर्मगुरू आणि दोन साक्षीदारांसमोर कबुली द्यायला हवी. जुन्या वह्यांत अशा बाळांच्या नावापुढे 'अनौरस' लिहिलेलं सर्रास सापडतं. आजचा नियम तो शब्द लिहायला सांगत नाही, आणि जुन्या वहीवरून नवा दाखला करताना तो जसाच्या तसा उतरवणं मला तरी निव्वळ निर्दयपणा वाटतो. ज्या कामासाठी दाखला हवा त्या कामाला त्या शब्दाचा उपयोग शून्य.

चूक झालीच तर? खाडाखोड करायची नाही, व्हाइटनर तर लावायचाच नाही. चुकीच्या शब्दावर एकच रेघ मारायची, इतकी बारीक की खालचं वाचता येईल. बरोबर शब्द लिहायचा, कशाच्या आधारे दुरुस्ती केली ते समासात लिहायचं, तारीख आणि सही. जी दुरुस्ती कुणी, केव्हा केली हे दिसत नाही ती पुढच्या माणसाला लबाडीच वाटते. संगणकावरच्या नोंदींची मला भीती वाटते ती याच कारणाने. नाव शोधायला संगणकासारखी सोय नाही, पण तिथली दुरुस्ती मागमूस न ठेवता होऊ शकते. शंका आली की सहीच्या वहीकडेच जावं.

दाखला तपासताना

दाखल्यावर धर्मग्रामाचा शिक्का आणि धर्मगुरूंची किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाची सही हवी, वही-पान-क्रमांक हवा, दिल्याची तारीख हवी आणि ती शेऱ्यांची ओळ हवी. पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो म्हणजे दाखला नव्हे. शिवाय त्या पानावर इतर कुटुंबांच्याही नोंदी असतात, त्या भलत्याच्या फोनमध्ये जायचं कारण नाही. मनात पाल चुकचुकली तर दाखल्यावर छापलेल्या नंबरावर फोन करू नये. धर्मप्रांताच्या कार्यालयाकडून त्या धर्मग्रामाचा पत्ता घेऊन थेट विचारावं. खोटा दाखला करणाऱ्याने दाखल्यावर खोटा नंबरही छापलेला असू शकतो. चर्चच्या दस्तऐवजात फेरफार करणं हा धर्मसंहितेनुसार गुन्हा आहे, कलम १३९१.

जुन्या वह्या वाचणं हे मात्र वेगळंच कसब. नोंदी लॅटिनमध्ये, अक्षर लपेटदार, शाई फिकी. हमखास फसवणारी जागा म्हणजे महिना. '७ब्रिस' असं लिहिलेलं दिसलं की माणूस सातवा महिना म्हणून जुलै लिहून मोकळा होतो. तो असतो सप्टेंबर, कारण लॅटिनमध्ये सात म्हणजे 'सेप्तेम'. '८ब्रिस' ऑक्टोबर, '९ब्रिस' नोव्हेंबर आणि रोमन दहाचा आकडा घालून लिहिलेला महिना डिसेंबर. दुसरी फसगत नावांची. वहीत याकोबुस लिहिलेला माणूस घरात दिएगो असू शकतो, कारण लिहिणाऱ्याने नावाचं लॅटिन रूप केलेलं असतं. तिसरी जास्त दुःखाची आहे: त्याच आईबापांचं, त्याच नावाचं बाळ दोन वर्षांच्या अंतराने दोनदा नोंदलेलं सापडतं. बहुधा पहिलं बाळ दगावलं आणि त्याचंच नाव दुसऱ्याला ठेवलं. मृत्यूची वही उघडल्याशिवाय आपला पूर्वज कोणता हे सांगता येत नाही. आणि शोधताना लक्षात ठेवावं, वही जन्मतारखेने नाही, बाप्तिस्म्याच्या तारखेने चालते. नोंद सापडली नाही तर पुढचे काही महिनेही चाळावेत.

वही जळाली, वाळवीने खाल्ली, पुरात गेली, तर संस्कार पुसला जात नाही. कुणाच्या हक्काला बाध येत नसेल तर निःशंक विश्वासार्ह असा एक साक्षीदार पुरतो, किंवा बाप्तिस्मा मोठेपणी झाला असेल तर त्या माणसाची स्वतःची शपथ. आई, धर्मपिता, त्या दिवशी चर्चमध्ये हजर असलेली मावशी, यांपैकी कुणीही. कसून चौकशी करूनही शंका उरलीच तर सशर्त बाप्तिस्मा देतात: 'तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर' अशी सुरुवात करून. कागद शोधायचा कंटाळा आला म्हणून हा मार्ग धरायचा नसतो. इतर ख्रिस्ती पंथांतून येणाऱ्यांचा बाप्तिस्माही सरसकट पुन्हा होत नाही. पाणी आणि पिता-पुत्र-पवित्र आत्मा यांचं सूत्र नीट वापरलं गेलं असेल तर तो वैध असतो. मॉर्मन चर्च या अमेरिकेत सुरू झालेल्या पंथाचा बाप्तिस्मा मात्र वैध नाही, असा निर्णय व्हॅटिकनने २००१ साली दिला.

वही काय सिद्ध करू शकत नाही, हे २०२० साली अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये दिसलं. 'मी तुला बाप्तिस्मा देतो' याऐवजी 'आम्ही तुला बाप्तिस्मा देतो' म्हटलं तर तो अवैध, असं व्हॅटिकनने त्या ऑगस्टमध्ये जाहीर केलं. तिथल्या एका तरुण धर्मगुरूने आपल्या बाप्तिस्म्याचा १९९० चा व्हिडिओ पाहिला होता. त्यात 'आम्ही' हाच शब्द होता. म्हणजे त्याचा बाप्तिस्माच झालेला नव्हता, आणि तो नसेल तर दृढीकरण नाही आणि गुरुदीक्षाही नाही. सगळे संस्कार नव्याने द्यावे लागले. त्याने स्वतः दिलेले बाप्तिस्मे मात्र टिकले, इस्पितळातल्या नर्सचा टिकतो त्याच नियमाने. नोंदवहीत काडीची चूक नव्हती. संस्कार झाला एवढं वही सांगते; शब्द कोणते उच्चारले गेले ते तिला ठाऊक नसतं.

नाव काढून टाका म्हटलं तर

युरोपात चर्च सोडणारे बरेच जण बाप्तिस्म्याची नोंदच काढून टाका अशी मागणी करतात. चर्च ती मान्य करत नाही. त्यांचं म्हणणं असं की ही सभासदांची यादी नव्हे, अमुक दिवशी अमुक गोष्ट घडली याची नोंद आहे. सोडून जाणाऱ्याची इच्छा समासात लिहितात, मूळ नोंद तशीच राहते. फ्रान्सच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१४ मध्ये चर्चची बाजू मान्य केली. एप्रिल २०२५ मध्ये व्हॅटिकनच्या कायदेविषयक विभागानेही, नोंद खोडता येत नाही, असं स्पष्टीकरण प्रसिद्ध केलं. मला हे पटतं, कारण त्या एका ओळीत आईवडील आणि धर्मपालकही असतात, आणि न झालेल्या गोष्टीचा दाखला देता येत नाही तसंच झालेली गोष्ट न झाल्याचाही देता येत नाही. पण अशा पत्राला महिनोन्महिने उत्तरच न देणं मात्र कुठल्याच नियमात बसत नाही.

वह्या सार्वजनिक वाचनालयात ठेवल्यासारख्या खुल्या नसतात. स्वतःच्या नोंदीची अधिकृत प्रत मिळण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, दुसऱ्याच्या नोंदीचा नाही. वंशावळ शोधणाऱ्यांना किती जुन्या वह्या दाखवायच्या हे धर्मप्रांत ठरवतो. मॉर्मन चर्चची संस्था जगभरच्या वह्यांचे मायक्रोफिल्म करत असे. मृतांसाठी बाप्तिस्मा करण्याच्या त्यांच्या प्रथेमुळे व्हॅटिकनने २००८ साली बिशपांना कळवलं की आपल्या वह्या त्यांना देऊ नका.

स्वतःचा दाखला मागवताना पूर्ण नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याचं अंदाजे वर्ष, आईवडिलांची नावं आणि दाखला कशासाठी हवा ते लिहावं. 'लग्नासाठी' असं लिहिलं की कार्यालय शेऱ्यांकडे मुद्दाम बघतं. ते चर्च बंद झालं असेल तर वह्या शेजारच्या धर्मग्रामात किंवा धर्मप्रांताच्या दप्तरात गेलेल्या असतात, बिशपांच्या कार्यालयाला विचारावं. दाखला हाती आल्यावर शेरे वाचावेत. लग्न होऊन चाळीस वर्षं झाली आणि तिथे लग्नाचा उल्लेखच नसेल, तर लग्न झालं त्या धर्मग्रामाला चिठ्ठी पाठवायला सांगावं. उशिरा आली तरी ती घेतली जाते.